पाऊणकी

बंदर खात्यात मी कारकून होतो, देवगडला, एकोणतीस वर्षं.
दर जानेवारीत भरती-ओहोटीचं कोष्टक यायचं मुंबईहून,
मी ते चार टाचण्यांनी फळ्यावर लावायचो
आणि फेब्रुवारीपर्यंत त्यातली एक टाचणी
कुणीतरी काट्यासाठी न्यायचं.

खाली बारीक अक्षरात: गणन, अमुक साहेब.
साहेब तीनदा बदलले.
आकड्यांचं वळण बदललं नाही.

द्वारका कोयंडे यायची ती पेन्शनच्या कागदावर शिक्का मारून घ्यायला.
छत्री दाराबाहेर, चपला दाराबाहेर.
जाताना फळ्यासमोर थांबायची
आणि बोट न लावता एक रकाना वरून खाली उतरायची,
बांगडे मोजावेत तशी, ओठ हलवत.

एकदा म्हणाली,
"अकरा तारखेक चूक आसा. छापणाऱ्याची.
माझी न्हय."

मी चहा मागवला.

बाप तांडेल. घड्याळ नव्हतं, पंचांग होतं.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ:
तृतीया, सव्वादोन. चतुर्थी, तीन. पंचमी, पावणेचार.
सुकाणूजवळ बसून ही पाऊणकी म्हणायची
आणि पाणी जवळजवळ तिच्या म्हणण्याप्रमाणे चढायचं.
त्या 'जवळजवळ'नं तिला गणिताच्या पदवीपर्यंत नेलं,
मग मुंबईला, बासष्ट साली, नोकरीवर.
पगारपत्रकावर हुद्दा: कॉम्प्युटर.
यंत्र दोन वर्षांनी आलं.
तोवर कॉम्प्युटर हीच होती.

यंत्राची खोली थंड, आत कोट घातलेले पुरुष,
ही खिडकीशी, कार्डांचे गठ्ठे घेऊन.
चंद्राची ओढ वेगळी काढायची, सूर्याची वेगळी,
उधाण, भांग, खाडीच्या तोंडाचा हट्ट,
सगळ्या लाटा सुट्या करून पुन्हा बेरीज.
साहेब प्रत्येक दिवसाचं गणित नव्यानं लिहायला सांगत होते.
हिनं एकदाच लिहिलं
आणि यंत्राला सांगितलं, हेच तीनशे पासष्ट वेळा कर.
"जाळ्याची गाठ एकदाच शिकवतत,"
मला म्हणाली, "घालतत हजारदा."

एकदा जिन्यावरून गठ्ठा सांडला. अकराशे कार्डं.
रात्रभर बसून लावली.
दुसऱ्या दिवसापासून गठ्ठ्याच्या कडेवर
पेन्सिलीची एक तिरकी रेघ:
रेघ मोडली की कळावं, कोण कुठे हरवलंय.
सगळ्या ऑफिसनं ती रेघ उचलली.
रेघेवर कुणाचं नाव छापत नाहीत.

मी विचारलंच. राग नाही आला?
तिनं बशीतला चहा संपवला.
"बाबा होडी हाकी, नाव शेटचा होता," म्हणाली,
आणि पिशवीतून एक जुनं भोकांचं कार्ड काढून
त्याच्या पाठीवर अकरा तारखेची दुरुस्ती लिहून दिली.

तांबड्या शाईनं मी कोष्टक सुधारलं.
कार्ड आवक-जावक वहीत खूण म्हणून राहिलं,
माझ्याबरोबर निवृत्त झालं.

ती गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी,
तंत्रनिकेतनातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी
ते खिडकीच्या उजेडात धरलं.
त्यांच्या शर्टावर उन्हाचे चौकोनी ठिपके पडले.
म्हणाले, पहिल्या रकान्यात सी आहे.
म्हणजे ही ओळ यंत्र वाचत नाही, सोडून देतं.
ही माणसांसाठी.

मग बोटानं एकेक भोक चाचपत,
रोमन अक्षरं जुळवत, त्यांनी वाचलं:
पाऊणकी. बाबांची.

आणखी काही होतं का, विचारलं मी.
नाही. पुढे कोरं.

काल तृतीया होती. जेटीवर गेलो, घड्याळ घेऊन,
सव्वादोन धरून.
दोनालाच पाणी फिरायला लागलं होतं.